वाचून सांगायचं कोणाला?

तुझं पत्र मोठं आहे, म्हणून त्यातलं मला समजलं ते आधी थोडक्यात लिहिते. वय २६. गाव चोपड्याकडचं, नोकरी जळगावात. कर्ज देणाऱ्या एका कंपनीत थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करायचं काम. सकाळी साडेनऊला गेलीस की रूमवर यायला रात्रीचे आठ. शाळेत असताना वर्षाला तीस-चाळीस पुस्तकं व्हायची, गेल्या दोन वर्षांत चार घेतलीस आणि चारही अर्ध्यावर पडली. तिघी मैत्रिणी पुण्यात, एक सुरतेला. ग्रुपवर सगळ्या आहेत, बोलणं मात्र वाढदिवसापुरतं. रविवार झोप, कपडे आणि मोबाइल यात जातो आणि दिवेलागणीला पोटात खड्डा पडतो. रूमवर नंदुरबारची एक मुलगी आहे, पण तुझ्याच शब्दांत, "तिला वाचायची आवड नाही." मग तीन प्रश्न: हा आळस की वय? वेळेचं नियोजन कसं करू? आणि परत सुरुवात करायला दहा पुस्तकं सांगाल का?

यादी मी देणार नाही. दिली तर त्यातली दोन तू मागवशील, ती उशाशी राहतील आणि अर्धवट पुस्तकं चाराची सहा होतील. तेहतीस वर्षं मी पाचोऱ्याकडच्या एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काढली, त्यातली बावीस ग्रंथपाल म्हणून. यादी मागणारा वाचक आणि पुस्तक मागणारा वाचक यांतला फरक काउंटरवरून लगेच कळतो. यादी मागणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी हवं असतं.

आळस की वय, हे दोन्ही बाजूला ठेव. हप्ते थकलेल्या माणसांशी दिवसभर बोलणं म्हणजे काय, याची तुला स्वतःला कल्पना दिसत नाही. समोरचा खरं बोलतोय की टाळतोय, रडतोय ते खरं की नाटक, हे आवाजावरून ओळखायचं आणि वर आपला आवाज चढू द्यायचा नाही. हे एक प्रकारचं वाचनच झालं गं, आणि तेही दिवसाला साठ-सत्तर माणसांचं. त्यानंतर रात्री नऊला चारशे पानांची कादंबरी उघडून त्यातली आणखी वीस माणसं डोक्यात घ्यायची इच्छा होत नसेल, तर त्यात तुझा काय दोष? आमच्याकडे भुसावळचे रेल्वेचे एक गार्ड सभासद होते. चार रात्री लागोपाठ ड्यूटी झाली की ते कादंबरी नेतच नसत, शिकारकथा किंवा प्रवासवर्णन नेत. "बाई, डोळे उघडे राहतात, डोकं राहत नाही," म्हणायचे. माणूस मोठा वाचणारा होता, पण कोणत्या दिवशी काय झेपतं ते ओळखून होता.

म्हणजे थकवा आहे, आणि तो खरा आहे. पण थकलेली माणसं वाचत नाहीत हे मी मान्य करणार नाही, कारण माझं देवघेव रजिस्टर वेगळंच सांगतं.

पूर्वी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असायची. पुस्तक परत यायची तारीख त्यावर शिक्क्यानं उठवायची. तू वाचनालयात गेली असशील तर पाहिली असशील, आता संगणक आल्यापासून बऱ्याच ठिकाणी गेली. त्या पट्टीवर वाचकाचं नाव नसतं, पण रजिस्टर शेजारी ठेवलं की पुस्तक कुठून कुठं फिरलं ते कळतं. एका उन्हाळ्यात पुस्तकमोजणी चालू होती. धूळ झाडता झाडता माझ्या लक्षात आलं की काही पुस्तकांच्या मागे दोन वाचक क्रमांक कायम पाठोपाठ येतात. एकशे बारा, मग दोनशे एकोणचाळीस. पुढच्या पुस्तकाला दोनशे एकोणचाळीस, मग एकशे बारा. चार वर्षं हेच. मध्ये तिसरं कोणी आलं तर एखाददुसऱ्या वेळीच.

एकशे बारा म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. दोनशे एकोणचाळीस म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी एक बाई, सातवी शिकलेली, नवरा हमाल, घरात सासू आणि तीन मुलं. थकव्याचं म्हणशील तर दोघींनी तुला मागं टाकलं असतं. लग्नसराईत ही शिवणारी बाई रात्री दोनपर्यंत मशीनवर असायची. तरी पंधरा दिवसांत पुस्तक परत आलं नाही असं क्वचित. नर्सबाई इंजेक्शनच्या पाळीहून घरी जाताना तिच्या दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं टेकायच्या. त्या दहा मिनिटांसाठी दोघी वाचत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं कसं, तर नर्सबाईंची बदली झाली, थेट धडगावला. पहिले दोन महिने दोनशे एकोणचाळीस नियमित आली. तिसऱ्या महिन्यात पुस्तक उशिरा आलं, दंड भरला. चौथ्या महिन्यात तिनं पुस्तक परत केलं आणि दुसरं नेलं नाही. मला वाटलं, कामाचा जोर असेल. मग वाटलं, आमच्याकडची तिच्या आवडीची पुस्तकं संपली असतील. मी नवीन आलेल्या पाच-सहा कादंबऱ्या बाजूला काढून ठेवल्या, मुद्दाम निरोप धाडला. ती आली, पुस्तकं हातात घेतली, मागची पानं उलटून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाली, "वाचीसन सांगू कोनले, ताई?"

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत डॉ. रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच नियम आम्ही पाठ केले होते. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा. मी जन्मभर त्यासाठी झटले. वर्गवारी चोख, कपाटांवर पाट्या, मागितलेलं पुस्तक दोन मिनिटांत हातात. आणि त्या बाईनं तीन शब्दांत माझा कारभार बाजूला सारला. तिला वेळ वाचवून नको होता. वेळ होता त्यापेक्षा कमी असतानाही ती वाचतच होती.

आता तुझं पत्र परत वाच. शाळेत तीस-चाळीस पुस्तकं वाचत होतीस असं लिहिलंस, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंस की तुम्ही पाच जणी एसटीनं चोपड्याला शाळेत जायचात आणि पुस्तक एकीकडून दुसरीकडे फिरायचं. हे दोन तू वेगवेगळ्या आठवणी म्हणून लिहिलेस. मला त्या एकच दिसतात. वाचन पुढे सुटलं, आधी एसटीतली ती चार माणसं सुटली. म्हणून तुझा पहिला प्रश्न पुस्तकाचा नाहीच. आधी माणूस शोध, पुस्तक त्याच्या मागून येईल. मला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आपल्या खान्देशातच बघ ना. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढत. हातानं लिहिलेलं. दिवसभर शाळा, मुलांची आजारपणं, उरलेल्या वेळात दैनिक. वाचणारे किती, तर वसतिगृहातली मुलं. पण ती सकाळी वाट बघत असणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. किंवा १९०७ सालचं जळगावचं कविसंमेलन घे. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा ठोमरे आडनावाचा मुलगा तिथं कविता म्हणायला उभा राहतो आणि तिथून 'बालकवी' होऊन परततो. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी आणि समोरच्या मंडळींनी ऐकून घेतलं म्हणून. अकरा वर्षांनी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला. तू जळगावहून भुसावळला कधी रेल्वेनं गेलीस तर पहिलंच स्टेशन भादली लागतं. गाडी थांबो न थांबो, खिडकीबाहेर बघ.

आणि बहिणाबाई. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे हात चालू असताना ओव्या तोंडून यायच्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी त्यातल्या काही कागदावर उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे म्हणून आपण त्यांना फार उंचावर बसवतो. मला त्यात दिसतं ते एवढंच की कान देणारं कोणीतरी घरात होतं. जी गाणी कोणी ऐकली नाहीत, ती पिठाबरोबर गेली. खान्देशात अशा किती जणींची गेली असतील.

आता नियोजनाचा तुझा प्रश्न. यात मी थोडी हटवादी आहे, आधीच सांगते. सकाळी पाचला उठून तासभर वाचा असं जे सांगतात, त्यांच्या घरी सकाळचं पाणी कोण भरतं ते एकदा विचार. तुझ्या रूमवर नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे, असं तूच लिहिलं आहेस. ती वेळ पाण्याची. ती पुस्तकाला देऊ नकोस.

मी नोकरीला लागले तेव्हा शेंदुर्णीहून पाचोऱ्याला यायचे, पीजेनं. पाचोरा-जामनेर ही ती छोटी गाडी, छप्पन्न किलोमीटरची लाइन. धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावं असा तिचा लौकिक. २०२० साली ती बंद पडली. येताना तासाभराचा प्रवास आणि जाताना तेवढाच. माझं निम्मं आयुष्यभराचं वाचन त्या डब्यात झालं असं म्हटलं तर खोटं नाही. पण त्यासाठी मी काही नियोजन केलेलं नव्हतं. तिथं बसण्यावाचून दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, एवढंच. आणि समोर रोज तीच माणसं. पहूरचे एक शिक्षक रोज विचारायचे, "मग, कुठवर आलं?" म्हणून मला पुढं जावंच लागायचं. त्यांना मी कादंबरीतली गोष्ट रोज हप्त्याहप्त्यानं सांगितली. एकदा मध्ये दोन दिवस रजा काढली तर त्यांनी घरी निरोप पाठवला की त्या विहिरीतल्या माणसाचं पुढे काय झालं ते तरी कळवा.

तुला पीजे नाही, स्कूटी आहे, आणि स्कूटीवर वाचता येत नाही. मग तुझ्या दिवसात अशी कोंडलेली वेळ कुठली? जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची आहे असं लिहिलंस. त्यातली पंधरा मिनिटं डब्याला, उरलेल्या पंचवीसमध्ये सगळ्या जणी मोबाइल काढतात. तिथं कादंबरी चालणार नाही, मध्येच कोणी हाक मारतं. दिवाळी अंक चालतो. माझ्या मते थकलेल्या माणसासाठी मराठीत त्याच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला काढला तेव्हापासून त्याची घडणच अशी की कुठूनही उघडावा, एक कथा किंवा एक लेख वीस मिनिटांत संपवावा, नाही आवडला तर पान उलटावं. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदा ठरलेली रक्कम भरायची, मग पुढचे तीन-चार महिने अंक बदलून न्यायचे. लोक जानेवारीत कंटाळतात, तेव्हा चांगले अंक कपाटात रिकामे बसलेले असतात. तेव्हा जा.

हो, आणि पुस्तक विकत घेऊ नकोस. निदान आत्ता नको. पुस्तकं विकणारे माझ्यावर चिडतील, पण वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते आणि विकतच्या पुस्तकाला नसते. ऑनलाइन मागवलेलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून ते कधीच वाचलं जात नाही. पंधरा दिवसांनी कोणीतरी दंड लावणार आहे, या एवढ्याशा धाकानं माझ्या सभासदांनी जेवढं वाचलं तेवढं कुठल्या वाचनसप्ताहात वाचलेलं मी पाहिलं नाही. जळगावात व. वा. वाचनालय आहे, जुनं आहे, साठा मोठा आहे. अनामत आणि वर्गणी मिळून तुझ्या महिन्याच्या मोबाइल आणि चहापाण्यात बसेल एवढीच असणार. जाण्याआधी सुट्टीचा वार मात्र विचारून घे, नाहीतर उन्हात हेलपाटा.

अर्धवट पुस्तकाचं पाप लागत नाही. पन्नास पानांनंतर जीव रमला नाही तर परत कर. मी तेहतीस वर्षांत परत आलेल्या पुस्तकांतल्या खुणा पाहिल्या आहेत. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकेचे तुकडे, एकदा तर वाळलेलं कढीपत्त्याचं पान. त्यातल्या निम्म्याहून जास्त खुणा पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच असायच्या. सगळे असंच करतात, सांगत नाहीत.

आता मैत्रिणींकडे येते. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुझं दुखणं अर्धं तिथंच आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे 'बठाले ये' म्हणतात. बसायला ये. चहाला ये नाही, जेवायला ये नाही, काम आहे म्हणून ये नाही. नुसतं बसायला. पुरुषांना त्यासाठी पार आहे, चौक आहे, टपरी आहे, वाचनालयाचा वर्तमानपत्र विभाग आहे. बाईला होता तो ओटा. फ्लॅट आले आणि ओटे गेले. तुझ्यासारख्या भाड्यानं राहणाऱ्या मुलीला तर ओटाही नाही आणि घरमालकाची परवानगीही नाही. जळगावात संध्याकाळी सातनंतर चार मुलींनी तासभर नुसतं बसायचं तर कुठं? मेहरूणच्या तलावावर फार तर रविवारी. हॉटेलात बसायचं तर दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवावं लागतं. तेव्हा मैत्री आटली असं म्हणण्याआधी बसायची जागाच आटली, हे लक्षात घे.

माझी चूक अशी. आमच्या मुक्तद्वार विभागात, म्हणजे कोणीही येऊन वर्तमानपत्रं वाचत बसावं तिथं, सकाळ-संध्याकाळ पंचवीस-तीस पुरुष बसलेले असत. बाई एकही नसे. १९९८ च्या सुमारास मी समितीशी भांडून महिलांसाठी वेगळं बाक आणि टेबल मिळवलं. रंगवलेली पाटी लावली. दारासमोर, उजेड छान, पंखा डोक्यावर. तीन महिने तिथं कोणी बसलं नाही. मी घरोघर जाऊन सांगितलं, बायका हो म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. समितीतले एक सभासद म्हणाले, "बघा, बायकांना वाचनाची आवडच नाही." तुझ्या रूममेटबद्दल तू लिहिलंस ना, त्याच चालीवर.

मग एक दिवस मी स्वतः त्या बाकावर बसून रजिस्टर लिहीत होते. दहा मिनिटांत मला कळलं. दारातून येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघत होता. कोणी वाईट नजरेनं नाही, पण बघत होता. दुसऱ्या दिवशी शिपायाला घेऊन मी ते बाक उचललं आणि आत, मासिकांच्या मांडणीच्या मागे, पाण्याच्या माठाजवळ नेऊन ठेवलं. पाटी काढून टाकली. तिथं उजेड कमी, पंखा लांब. पण दारातून दिसत नव्हतं. महिन्याभरात सहा-सात जणी यायला लागल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं पहिली टेकली, मग दुसरी.

त्या काय वाचायच्या? अर्धा वेळ मेथीचा भाव आणि सुनांचे कारभार. मी आधी चिडायचे. मग लक्षात आलं की दर आठवड्याला त्यांच्यातून दोन-तीन पुस्तकं न्यायला लागल्या आहेत आणि ती आपसांत फिरतायत. तारखांच्या पट्टीवर पुन्हा पाठोपाठचे क्रमांक दिसायला लागले. आणि त्या बाकावर एक दिवस दोनशे एकोणचाळीस येऊन बसली. मी काही बोलले नाही. कपाटातून पुस्तक काढायलाही गेले नाही. बोलले असते तर उठून गेली असती.

पुण्यातल्या तिघींचं काय करायचं? ग्रुप राहू दे, पण ग्रुपवर कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे सगळ्यांना ऐकवतात. तिघींपैकी एकीला, जिची जास्त आठवण येते तिला, एखादा जुना अंक पोस्टानं पाठव. मधल्या एका पानावर पेन्सिलीनं दोन ओळी लिही. कोणत्या पानावर ते सांगू नकोस. ती शोधत वाचेल. हा वाचनालयातला जुना गुन्हा आहे, पुस्तकावर लिहिणं. मी त्यासाठी लोकांना दंड केले आहेत, आणि त्या ओळी घरी जाण्याआधी दोनदा वाचल्याही आहेत.

रविवारच्या संध्याकाळबद्दल. तू म्हणतेस सुट्टी असूनही रिकामं वाटतं. मोबाइलला मी शिव्या देणार नाही, मी स्वतः रात्री भरल्या मिरचीच्या रेसिपी बघत बसते आणि करत काहीच नाही. पण रविवारच्या डोक्यावर आपण फार ओझं दिलं आहे. झोप त्यानंच भरून काढायची, कपडे त्यानंच, आनंदही त्यानंच द्यायचा. आपल्याकडे पूर्वी रविवार नव्हता. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, सुट्टी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आखाजी ते आखाजी साल, त्या दिवशी हिशोब पुरा, पुढच्या सालाची बोली व्हायची ती व्हायची, पण तेवढा वेळ तो कोणाचा गडी नसायचा. सासुरवाशिणीला सुट्टी तीच. माहेरी यायचं, निंबाला झोका बांधायचा, गौराईची गाणी म्हणायची. माझी आई सांगायची की आखाजीला माहेरी पाय ठेवला की आधी कोण कोण आल्या ते विचारायचं, मग पाणी प्यायचं. सुट्टी म्हणजे किती दिवस हे तिनं कधी सांगितलं नाही. कोण कोण आल्या होत्या ते मात्र पंचाहत्तराव्या वर्षीही नावानिशी सांगायची.

हे जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा सुटका मिळणाऱ्याला ती गोड लागणारच, बाकीचे दिवस कसे होते ते त्या गाण्यांतच आहे. पण एक धर. त्या सुट्टीत पुष्कळ काम होतं. सांजोऱ्या तळायच्या, घागर भरायची, झोके बांधायचे. किंवा हिवाळ्यातली आपली भरीत पार्टी आठव. वांगी निवडा, काड्या गोळा करा, शेतात जाळ करा, धूर डोळ्यात घ्या, वांगी सोला, हात भाजून घ्या, मिरच्या-लसणाबरोबर ठेचा, कळण्याच्या भाकरी थापा. चार तासांचं काम आणि वीस मिनिटांचं जेवण. तरी परत येताना कोणी दमलो म्हणत नाही. तू रविवारी दिवसभर पडून राहतेस आणि दमतेस. काम कमी करून विसावा मिळत असता तर तुला तो कधीच मिळाला असता.

म्हणून रविवारी वाचायचा नेम करू नकोस. रविवारी भाकरी कर.

थट्टा नाही. तुझ्या रूमवर दोघींचा स्वयंपाक रविवारी एकत्र होतो असं तू ओझरतं लिहिलंस. ती मुलगी भाकरी थापते, तू भाजी करतेस आणि दोघींच्या कानात आपापल्या गाण्यांचे ते खुंटे. एका रविवारी तू भाजी आधी उरकून घे. ती थापायला बसली की ओट्याला टेकून एक गोष्ट मोठ्यानं वाच. एकच, दहा मिनिटांची, आणि शक्यतो हसवणारी. तिला आवड नाही म्हणतेस, पण तिला कधी कोणी वाचून दाखवलं आहे का, हे तुला माहीत आहे? माझ्या अनुभवात 'आवड नाही' म्हणणाऱ्या दहांतल्या सहांना पाठ्यपुस्तकापलीकडचं पुस्तक कोणी हातातच दिलेलं नसतं. आमच्या रात्रीच्या वॉचमनला अक्षरं जेमतेम जुळायची. मी बंद करायच्या आधी त्याला रोज दोन पानं वाचून दाखवायचे. मी आजारी पडले त्या आठवड्यात त्यानं आपल्या नातीला धरून आणलं आणि तिच्याकडून पुढची पानं वाचून घेतली.

मोठ्यानं वाचताना पहिल्या दिवशी लाज वाटेल. आवाज आपलाच परका वाटतो, विशेषतः तुझ्यासारखीला, दिवसभर हप्त्यांच्या फोनवर ठरलेली वाक्यं म्हणणारीला. चार रविवार जाऊ देत. मध्ये ती काही विचारेल, तिच्या नंदुरबारकडची एखादी गोष्ट सांगेल, भाकरी करपेल. वाचन तिथं थांबलं तर थांबू दे. पुढच्या रविवारी ती "त्याचं पुढं काय झालं?" म्हणाली, तर समज तुझी पीजे परत सुरू झाली.

आणि मग दोघींनी मिळून वाचनालयात जा. एकाच कार्डावर नको, दोन वेगळी घ्या, पैसे थोडे जास्त लागले तरी. तू काउंटरशी थांब. पहिलं पुस्तक तिला निवडू दे. मुखपृष्ठ बघून उचललं तरी तोंड वाकडं करू नकोस.